गुळवेल म्हणून लावलेली वेल नक्की कोणती? खोडाचा छेद, फूल आणि डीएनए

निवडुंग

कोविडच्या काळात आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी कुणीतरी गुळवेलीची कांडी खोचली होती. आता ती वेल शेवग्यावरून वर गेली आहे आणि येता-जाता लोक काड्या तोडून नेतात. मध्यंतरी सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश आला की ही गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी विषारी वेल आहे, तोडून टाका. त्यावर लगेच दुसरा संदेश आला की पान हृदयाच्या आकाराचं आहे म्हणजे गुळवेलच, बिनधास्त काढा करा.

दोन्ही बाजूंनी एवढ्या ठामपणे बोललं जातंय, पण वेलीजवळ जाऊन कुणी काही तपासलेलं नाही. मला औषधाचा सल्ला नकोय. वनस्पतीशास्त्रवाले एखादी वेल अमुक कुळातली, अमुक प्रजातीची असं कशाच्या आधारावर ठरवतात, ते समजून घ्यायचं आहे. खोडावर बारीक उंचवटे आहेत, वरची साल कागदासारखी सुटते, वरून दोऱ्यांसारखी मुळं खाली लोंबतात. फुलं अजून पाहिलेली नाहीत.

तृणपर्ण

चांगला विषय काढलात. कॉलेजात वर्षानुवर्षं ही वेल शिकवत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पानाचा विषय संपवू. हृदयाकृती पानावरून ओळख ठरत नाही. आपल्याकडे हृदयाकृती पानांच्या वेली कितीतरी आहेत, अगदी वेगळ्या कुळांतल्या. आणि ज्या वेलीची भीती घातली जाते ती, टिनोस्पोरा क्रिस्पा, गुळवेलीच्याच प्रजातीगटातली (जीनसमधली) आहे. तिचंही पान हृदयाकृतीच असतं. म्हणजे जिथे शंका आहे नेमकं तिथेच पान उपयोगी पडत नाही.

भारतात गोंधळ होतो तो मुख्यतः तिघींचा. आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. दुसरी टिनोस्पोरा सायनेन्सिस, हिला जुन्या पुस्तकांत मलबारिका म्हटलेलं सापडेल. हिच्या पानांची खालची बाजू दाट लवदार असते, कोवळ्या फांद्यांवरही लव असते. हात फिरवला तरी कळतं. तिसरी क्रिस्पा. तिचं खोड ठळक गाठींनी भरलेलं असतं. पण इथे सांभाळा, कारण जुन्या गुळवेलीच्या खोडावरही वल्करंध्रांचे (सालीवरच्या हवेच्या छिद्रांचे) उंचवटे येतात आणि ते चामखिळींसारखेच दिसतात. तुम्ही लिहिलेले 'बारीक उंचवटे' दोघींनाही लागू पडू शकतात. नुसत्या फोटोवरून मी निकाल देणार नाही.

खात्री हवी असेल तर फूल आणि फळ बघा. गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या, क्रिस्पाच्या फुलाला तीन. फुलं अगदी बारीक, पिवळट-हिरवी असतात, तेव्हा हातभिंग लागेल. गुळवेलीची फळं पिकल्यावर लाल आणि गोल, क्रिस्पाची नारिंगी आणि लांबट. आयुष मंत्रालयाने २०२२ च्या फेब्रुवारीत जी सूचना काढली तिच्यातही खोडाबरोबर हेच फरक दिले होते.

आता कुळ. गुळवेलीचं कुळ मेनिस्पर्मेसी. आपली वासनवेल याच कुळातली. या कुळाचं वर्गीकरण फळाच्या आतल्या कठीण कवचावर आणि वाकलेल्या बीवर उभं आहे. डील्स या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने १९१० मध्ये सगळ्या कुळाचा ग्रंथ लिहिला त्यात भर आठळीवरच होता, आणि लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या फोरमनने १९८१ मध्ये आशियातल्या टिनोस्पोरांची फेरमांडणी केली तेव्हाही फुलं आणि आठळ्याच बारकाईने पाहिल्या. अडचण अशी की वेल नर किंवा मादी असते. कांडीवरून लावलेली वेल ज्या वेलीची कांडी तिच्याच लिंगाची होते. कुंपणाला नर वेल असेल तर फळ कधीच येणार नाही, मग आठळी कुठून बघणार? म्हणूनच खोडाची अंतर्रचना महत्त्वाची ठरते. तिच्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते.

आडवाटेवर

वाचतोय. आमच्या गावाकडे तर कडुनिंबावरची तीच खरी असं म्हणतात. झाडावरून प्रजाती बदलते का?

तृणपर्ण

@आडवाटेवर, नाही. प्रजाती वेलीची असते, आधाराच्या झाडाची नाही. कडुनिंबावर क्रिस्पा चढली तरी ती क्रिस्पाच राहील. आधाराच्या झाडामुळे वेलीच्या रसायनात फरक पडतो का हा प्रश्न वेगळा. तो ओळखीत मिसळायला नको.

आता छेद. बोटाएवढ्या जाडीची ताजी काडी घ्या, नवीन ब्लेडने आडवे पातळ काप काढा. काप पाण्यात पडू द्या आणि त्यातला सगळ्यात पातळ काचपट्टीवर घ्या. साध्या भिंगातूनही जे दिसतं ते विसरता येत नाही: बैलगाडीचं चाक. मध्ये भेंड म्हणजे मऊ गाभा, त्याच्याभोवती पाचरीच्या आकाराचे वाहिन्यांचे पट्टे आणि दोन पट्ट्यांच्या मधून बाहेरपर्यंत जाणारे रुंद मऊ किरण. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या मानकांच्या अधिकृत ग्रंथात, गुळवेलीच्या खोडाचं वर्णन आहे, त्यात असे १० ते १२ किंवा जास्त पट्टे सांगितलेत. पाचरीतली मोठमोठी भोकं म्हणजे जलवाहिन्या. वेलीला स्वतःचं वजन पेलायचं नसतं, पाणी मात्र लांबवर पोचवायचं असतं, त्यामुळे लाकूड कमी आणि वाहिन्या रुंद.

प्रत्येक पट्ट्याच्या बाहेरच्या टोकाला रसवाहिन्यांचा थर आणि त्यावर जाड भिंतींच्या तंतूंची कोर. या तंतूंच्या कडेने कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक ओळीने बसलेले दिसतात. त्याच्या बाहेरच्या सालीत म्युसिलेजच्या, म्हणजे चिकट द्रव्याच्या पेशी. गुळवेल चेचल्यावर हाताला जो बुळबुळीतपणा लागतो तो यांचा. सगळ्यात बाहेर बुचाचा थर, तोच कागदासारखा सुटतो.

आयोडीनचा एक थेंब सोडा. भेंड आणि किरण निळे-काळे पडतील, कारण ते स्टार्चच्या कणांनी ठासून भरलेले असतात.

आता या छेदाची मर्यादा. खोडाच्या बाकीच्या खुणांबरोबर वरचं चाक दिसलं की टिनोस्पोरा हे जवळपास पक्कं. वासनवेलीच्या जाड खोडात वाहिन्यांची एकाबाहेर एक अशी वलयं तयार होतात, तिथे हे चित्र येत नाही. दुसऱ्या कुळातली हृदयाकृती पानांची वेल असेल तर ती बहुतेकदा इथेच गळते. पण क्रिस्पाचा छेदही साधारण असाच असतो. बूच, गाठी, तंतूंच्या पट्ट्या यांत बारीक फरक शोधणारे अनुभवी लोक आहेत, पण एका काडीवरून प्रजाती ठरवायला मी तयार होणार नाही. खोडाचं वय बदललं की हे फरकही बदलतात.

डॉ_पाथेय

मी यकृताच्या रुग्णांत काम करतो, म्हणून हा विषय माझ्यासाठी फार जवळचा आहे.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेणाऱ्या या रुग्णांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की घेतलेली वनस्पती तपासलेली नाही, ती क्रिस्पासारखी दुसरी असू शकते. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांचा अभ्यास आला. अनेकांत चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते तसं.

यातून ग्रुपवर दोन टोकं तयार झाली. 'खरी गुळवेल कधीच बाधत नाही, बाधली म्हणजे ती क्रिस्पा' हे एक, आणि 'गुळवेल म्हणजे विष' हे दुसरं. पहिलं विधान पुराव्याने नाही, व्याख्येनेच सिद्ध केलंय: त्रास झाला की वनस्पतीचं नावच बदलून टाकायचं. वर्गीकरणाचा असा वापर मला मान्य नाही. वनस्पती कोणती हे वनस्पतीवरून ठरलं पाहिजे, रुग्णाच्या रक्ततपासणीवरून नाही. आणि ओळख पक्की झाली तरी ती प्रत्येकाला सोसेल असं होत नाही.

दुसरी विनंती कळकळीची. कुणाला काविळीची लक्षणं दिसली आणि तो एखादी वनौषधी घेत असेल तर उरलेल्या काड्या, चूर्ण, डबा फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन या. तो नमुना असेल तर नंतर छेदही घेता येतो आणि डीएनएही तपासता येतो. नसेल तर वाद कायमचा अर्धवट राहतो.

वैद्य_अश्विनी

डॉक्टर, नमुना जपण्याच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडेही द्रव्य ओळखूनच घ्यायची शिस्त आहे, पण आज वैद्य स्वतः रानात जाऊन वेल आणत नाही. सुकवून तुकडे केलेला माल गोणीतून येतो. लव, पान, फूल सगळं गेलेलं असतं. सायनेन्सिसला आमच्या परंपरेत पद्मगुडूची म्हणून वेगळं स्थान आहे, पण गोणीत दोन्ही एकत्र आल्या तर नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करणं कठीण.

गुळवेलीचं गुणवर्णन मी मनापासून मानते, म्हणूनच भलतीच वेल तिच्या नावाने विकली गेली तर जास्त त्रास होतो. डीएनए चाचणी आम्हाला परवडेल अशी आहे का? आणि तिच्यावर विसंबता येतं का?

जनुकवेल

याचं उत्तर मी देऊ शकतो, वनस्पतींच्या डीएनए बारकोडिंगच्या प्रयोगशाळेत काम करतो.

कल्पना साधी आहे. वनस्पतीच्या डीएनएचा एक ठरलेला छोटा तुकडा वाचायचा आणि ज्यांची ओळख आधीच पक्की आहे अशा नमुन्यांशी ताडून बघायचा. जमिनीवरच्या वनस्पतींसाठी २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने आरबीसीएल आणि मॅट-के हे हरितलवकातले दोन तुकडे सुचवले. आरबीसीएल फार सावकाश बदलतो, त्यामुळे कुळ आणि प्रजातीगट सांगायला उत्तम, जवळच्या बहिणी वेगळ्या करायला अपुरा. त्यासाठी आयटीएस हा केंद्रकातला भाग उपयोगी पडतो. औषधी वनस्पतींसाठी त्यातला आयटीएस-२ वापरावा असं चिनी शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलं.

दोन्ही ठिकाणचे तुकडे वाचण्याला आणखी एक कारण आहे. हरितलवक बहुतेक फुलझाडांत आईकडूनच येतं. दोन प्रजातींचा संकर असेल तर हरितलवक फक्त आईचं नाव सांगेल, बापाची खूण केंद्रकातच सापडेल.

गुळवेलीत प्रत्यक्ष काम करताना पहिला अडथळा म्हणजे तृणपर्ण ताईंनी वर लिहिलेलं म्युसिलेज. ते डीएनएबरोबर चिकट गोळा होऊन येतं आणि पुढची पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पायरी बंद पाडतं. मग डीएनए वेगळा करायच्या सीटॅब नावाच्या द्रावणात मिठाचं प्रमाण वाढवा, पीव्हीपी हे रसायन घाला, पुन्हा पुन्हा धुवा. कोवळं पान सिलिका जेलमध्ये पटकन सुकवून आणलं तर काम खूप सोपं होतं. जुन्या काडीपेक्षा कोवळं पान कधीही बरं.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. आपण जिच्याशी ताडतो ती माहिती सार्वजनिक डेटाबेसमधली असते, आणि तिथे सादर करणाऱ्याने जे नाव टाकलं तेच राहतं. त्याने मुळात क्रिस्पाला कॉर्डिफोलिया समजून पाठवलं असेल तर यंत्र तीच चूक अचूक आकड्यांनिशी परत करतं. म्हणून ज्या नोंदीमागे हर्बेरियम शीट, म्हणजे संग्रहात जपलेला त्याच वेलीचा दाबून सुकवलेला नमुना आहे, तिलाच मी किंमत देतो.

खर्चाचं म्हणाल तर प्रत्येक गोणीसाठी परवडणार नाही. माल नेहमी एकाच ठिकाणाहून येत असेल तर तिथली मूळ लागवड एकदा नीट तपासून घेणं शक्य आहे.

पेनांगकर

मी बरीच वर्षं मलेशियात आहे. इकडे क्रिस्पा अंगणात लावलेली सर्रास दिसते. पतावली म्हणतात, इंडोनेशियात ब्रोतोवाली, थायलंडमध्ये बोरापेट. अतिशय कडू, आणि खोडावरच्या गाठी इतक्या ठळक की एकदा पाहिल्यावर गुळवेलीच्या उंचवट्यांशी गल्लत होऊ नये. इकडे तिला कुणी 'नकली गुळवेल' समजत नाही, ती त्यांची स्वतःची परंपरागत औषधी आहे. धाग्यात तिचा उल्लेख विषारी जुळी म्हणून होऊ नये असं वाटतं. अर्थात तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी फ्रान्समधून आल्या आहेत, तेही खरं.

बिनीचा_शिलेदार

म्हणजे शेवटी डीएनए हाच खरा निकाल. छेद वगैरे जुन्या काळातल्या गोष्टी झाल्या, आता जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए वाचता येतो. आयसर भोपाळ या विज्ञानसंस्थेतल्या गटाने गुळवेलीचा अख्खा जीनोम वाचलाय ना?

तृणपर्ण

@बिनीचा_शिलेदार, वाचलाय, सुमारे १ अब्ज अक्षरांचा आहे, आणि फार मोलाचं काम आहे. पण तुमच्या पहिल्या वाक्याशी मी सहमत नाही.

एकाच वेलीचं पान, खोड आणि मूळ यांचा डीएनए सारखाच असतो. फार्माकोपिया खोड वापरायला सांगतो. कुणी चूर्णात पानं आणि देठ दळून भरले तर बारकोड 'कॉर्डिफोलिया' असंच उत्तर देईल आणि ते बरोबरही असेल. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पर्णरंध्रं दिसली की लगेच कळतं, कारण ती जुन्या खोडाच्या बुचावर नसतात. कोणता अवयव, किती जुना, त्यात वाळू-माती किती, हे सगळं पेशी सांगतात. डीएनएला ते माहीत नसतं.

उलट बाजूही तितकीच खरी. दळलेल्या चूर्णात चाक मोडलेलं असतं. सुटे तंतू, स्फटिक आणि स्टार्च एवढंच उरतं, आणि त्यावरून कॉर्डिफोलिया की क्रिस्पा हे मी सांगू शकणार नाही. तिथे जनुकवेल यांच्याकडेच जावं लागेल.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण चीनमधलं आहे. तिकडे जिन गुओ लान नावाचं औषध आहे, त्या वेलीचे कंद वापरतात. तिचं नाव टिनोस्पोरा सॅजिटाटा, म्हणजे आपल्या गुळवेलीची बहीण मानलेली. २०१७ मध्ये या गटाच्या डीएनएवरून वंशवृक्ष काढला तेव्हा ही आणि तैवानची टिनोस्पोरा डेंटाटा या दोघी बाकीच्या टिनोस्पोरांबरोबर बसेनात. त्यांची फांदीच वेगळी निघाली. त्यांच्यासाठी पॅराटिनोस्पोरा असा नवा प्रजातीगट करावा लागला.

औषधाच्या दृष्टीने याला मोठा अर्थ आहे. 'दोन्ही टिनोस्पोराच, तेव्हा गुणधर्मही सारखेच असणार' असा तर्क आपण सहज करतो. ज्या नात्यावर तो उभा होता ते नातंच इथे तुटलं. नावाला चिकटून गुणधर्म येत नाहीत, नातं तपासावं लागतं.

निवडुंग

सगळ्यांचे मनापासून आभार. पुतणीच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक मिळाला, ताईंनी सांगितलं तसे काप काढले. चाक अगदी स्पष्ट दिसलं. पाचरी मोजल्या, अकरा भरल्या. आयोडीन टाकल्यावर मधला भाग आणि किरण काळेनिळे झाले आणि पाचरी पिवळट राहिल्या, त्यामुळे चित्र आणखी उठून दिसलं. पानाची खालची बाजू गुळगुळीत आहे, लव नाही.

सोसायटीच्या बैठकीत एवढंच सांगितलं: वेल टिनोस्पोरा आहे, सायनेन्सिस दिसत नाही, कॉर्डिफोलिया की क्रिस्पा हे फुलं आल्यावर ठरेल. तोपर्यंत कुंपणावर 'ओळख पक्की नाही, औषधासाठी तोडू नये' अशी पाटी लावली आहे. वेल तोडायचा ठराव मागे घेतला.

फुलं कधी येतील? आणि आली की ती कुठे दाखवू?

तृणपर्ण

उत्तम पाटी! फुलं उन्हाळ्यात येतात, पुष्कळदा वेल जवळजवळ निष्पर्ण असताना. म्हणून लोकांच्या लक्षात येत नाहीत. पिवळट बारीक तुरे दिसले की तुऱ्यासकट फांदी तोडा, सोबत थोडं जुनं खोड आणि शक्य असेल तर एक-दोन पानं घ्या. वर्तमानपत्रात दाबून ठेवा, सुरुवातीला रोज कागद बदला, नाहीतर म्युसिलेजमुळे बुरशी येते. एखादा तुरा अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा, पाकळ्या मोजायला सोपं जातं. तारीख, ठिकाण, आधाराचं झाड आणि खोडाचा ताजा रंग लिहून ठेवा. सुकल्यावर रंग जातो.

पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. मुंबईकरांसाठी सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम. जाण्याआधी चौकशी करून नमुना कसा हवा ते विचारा.

वैद्य_अश्विनी

ताई, एक शेवटचं विचारते. गुळवेल सत्त्वाचं काय? त्यात ना छेद उरतो ना पान. बाजारात पांढरं शुभ्र मिळतं, त्यावर मला नेहमी शंका येते.

तृणपर्ण

सत्त्व म्हणजे खोड चेचून, पाण्यात कोळून, तळाशी बसलेला स्टार्च. ऊती नाहीत आणि डीएनएही जवळपास धुऊन गेलेला, त्यामुळे बारकोडवर भरवसा ठेवता येत नाही. पण स्टार्चचे कण शाबूत असतात. पाण्याच्या थेंबात चिमूटभर कालवा आणि बघा. गुळवेलीचे कण लहान, अंडाकृती, साधारण १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास. बटाट्याचे कितीतरी पट मोठे, १०० मायक्रॉनपर्यंत जाणारे, आणि त्यांच्यावर एका बाजूला सरकलेल्या बिंदूभोवती वलयं दिसतात. तांदळाचे फार बारीक आणि कोनदार. साबुदाण्याच्या कंदाचे एका बाजूने कापल्यासारखे. भेसळ बटाट्याची असेल तर शाळेतल्या सूक्ष्मदर्शकावरही पहिल्याच नजरेत कळेल. सत्त्व गुळवेलीचं की क्रिस्पाचं, हे मात्र या कणांवरून सांगता येणार नाही. त्यासाठी सत्त्व ज्या काड्यांपासून काढलं त्या काड्या बघाव्या लागतील. तेव्हा जिथून घेता त्यांच्याकडे मूळ काडीचा नमुना मागा.